डब्यातलं आभाळ

त्या दिवशी टपरीत कोन कोन व्हतं ते आधी सांगते, म्हंजी मागनं कुनी म्हनायला नको की म्हातारी आपल्या मनचं सांगती. मी व्हते. माजी सासू व्हती, तिला आमी आत्याबाई म्हनायचो, ती दारात गोनपाट टाकून बसली व्हती. माजं धाकलं दीर उभं व्हतं, त्यांना मी भाऊजी म्हनते. त्यांच्या संगं जागेचा एजंट व्हता, पांढऱ्या बुटाचा. शेजारचा च्यावाला सोपानदादा व्हता, हातात किटली. आन डब्याच्या मागची फळी काडून जमिनीवर मांडी घालून बसलेलं गेमवालं भाऊ. एवढीच मानसं. आत्याबाई गेली, सोपानदादा गेला. एजंट कुटं हाय ठावं न्हाई. भाऊजी हायेत अजून, त्यांना इचारून घ्या.

डबा म्हंजी व्हिडिओ गेमचा डबा. कपाटाएवढा उंच, वर टीव्हीची काच, खाली एक दांडा आन दोन बटनं. रुपयाचं नानं टाकायचं आन खेळायचं. माज्या मालकांनी आनला. मालक टेम्पो चालवायचं. पुन्यात कुनाचा तरी गेमचा पार्लर बंद पडला, तितनं हे धूड टेम्पोत घालून कासार आंबोलीला आनलं, आन त्याच्यापायी गोठ्यातली गाय इकली. मी म्हनले, गाय दूध देती, ह्यो काय देनार? मालक म्हनलं, "बघशील तू. शेन काडायचं न्हाई, वैरन घालायची न्हाई. नुसती वायर लाव."

रस्त्याच्या कडंला पत्र्याची टपरी घातली आन डबा तितं उभा केला. पुडं वरीसभर पन झालं न्हाई, मालकांना कावीळ झाली. झाडपाला झाला, पौडचा डॉक्टर झाला, पुन्याचा दवाखाना झाला. मालक गेलं. दोन पोरी, एक सासू आन ह्यो डबा एवढं माज्याकडं ठेवून गेलं.

मी दुसरीपतूर शिकलेली. भाताची लावनी करावी, बेननी करावी, एवढंच येत व्हतं. त्या डब्याचं बटन कुटं असतंय ते बी मला पोरांनी दावलं. पन सांगते, त्या डब्यानंच आमाला जगवलं. शाळा सुटली की पोरं यायची. पौडला जानाऱ्या येष्टीची वाट बघनारी मानसं यायची. बंगल्यावरचं माळी, वॉचमन यायचं. मी आपली टपरीच्या कोपऱ्यात बसून शेंगदाने भाजायची, गोळ्या-बिस्किटं इकायची आन दिसभर त्या काचंकडं बघायची. दुसरं बघायला व्हतं काय? इमानाचा गेम व्हता. खाली समिंदर, बेटं, वर आभाळ, आन एक पांढरं इमान गोळ्या मारत जायाचं. मला खेळता कधीच आलं न्हाई. पन ते आभाळ मला माज्या लुगड्याच्या काठावानी पाठ व्हतं.

जागा काय माजी नव्हती. सातबाऱ्यावर सासऱ्यांचं नाव, कारभार भाऊजींच्या हातात. मालकांच्या दहाव्याला समद्यांसमोर भाऊजी म्हनलं, "वहिनी, डबा चालतोय तवर खुशाल बस हितं. तुला कुनी उठवनार न्हाई. डबा कायमचा बंद पडला, की मग जागा मोकळी कर." दीर वाईट मानूस न्हाई, ध्यानात घ्या. पन त्या टायमाला भूगावापास्नं हिकडं रस्त्याकडच्या जमिनीला सोन्याचं मोल आलेलं. रोज सकाळी एजंट दारात येऊन बसला, की देवाची बी बुद्धी फिरंल, भाऊजी तर मानूसच.

म्हून त्या डब्याचं दुखनं म्हंजी माजंच दुखनं. आन त्याचा डॉक्टर म्हंजी गेमवालं भाऊ.

भाऊ नागपूरकडचं. मूळ गाव त्यांनी सांगितलं व्हतं, पन मला त्या मुलखातली नावं ध्यानात ऱ्हात न्हाईत. आधी कुटल्याशा कंपनीत टीव्हीचं बोर्ड तपासायला व्हतं, ती बंद पडल्यावर खांद्याला रेग्झिनची पिशवी लावली आन गावोगावचं गेम दुरुस्त करत फिरायला लागलं. लोनावळा, पौड, पिरंगुट, जत्रा असंल तितं जत्रा. समदं येष्टीनं. पयल्यांदा आलं तवा डब्यातली एक वायर निसटली व्हती, ती लावून दिली, आन जाताना गोठ्याकडं बघून म्हनलं, "बाई, हे रिकामं काहून ठेवलं?"

"गाय व्हती. डब्यापायी इकली," मी म्हनले.

"मग डब्याचा डॉक्टर ऱ्हाईन तितं. गायीचं भाडं मी देईन."

असं ते आमच्या गोठ्याच्या खोलीत आलं. फेऱ्या मारून आलं की तितं ऱ्हायचं. दावनीच्या जागी टेबल, आन टेबलावर हिरव्या पाट्याच पाट्या. पाटी म्हंजी गेमचा बोर्ड. त्याच्यावर काळ्या काळ्या आयसी बसवलेल्या, बारीक पायांच्या, घोनीवानी. पयल्यांदा बघून आत्याबाई वरडली, "अगं बया, त्यानं घरात किडं पाळल्यात!"

मानूस तऱ्हेवाईक. कामाला बसायच्या आधी बाहेर जाऊन हापशाला हात लावून यायचं. रोज. लाईट जाऊन आली, परत हापशाला हात. जेवून उठलं, परत हापशाला हात. आत्याबाईला वाटायचं मानूस लई देवभोळा हाय. ती म्हनायची, "बघ, पान्याला नमस्कार केल्याबिगार कामाला हात लावत न्हाई. न्हाईतर तुमी." आन ती बी जाता-येता हापशाला नमस्कार करायला लागली. मी भाऊंना इचारलं तर म्हनलं, "अंगात करंट साठते बाई, थोडा. तो जमिनीले द्या लागते, नाही तर आयसी मरते." मी आत्याबाईला सांगितलं न्हाई. चांगली सवय व्हती, ऱ्हाऊ द्यावी.

सोपानदादाच्या टपरीवरनं शिगारेटच्या रिकाम्या पाकिटातली चांदी गोळा करायचं. सोपानदादा म्हनायचा, "तोंडाला वास न्हाई, पन मानूस लपून ओढतोय, लिवून घ्या." ओढत बिढत कायबी नव्हतं. जुन्या आयसी त्या चांदीत गुंडाळून डब्यात ठेवायचं, पेढ्यावानी. कुटल्या आयसी आता बाजारात मिळत न्हाईत, कुटली कुटल्या मेलेल्या पाटीवरनं काडली, समदं तोंडपाठ. गरम च्या कधी प्यायचं न्हाई. थंडगार झाला, वर साय आली, की मग. कारन सेल चांगला का वाईट ते जिभंला लावून बघायचं, आन जीभ भाजली की सेल कळत न्हाई म्हनायचं. टॉर्चचा सेल, घड्याळाचा सेल, गावातल्या बाया घेऊन यायच्या. भाऊ जीभ लावायचं आन सांगायचं, "ह्याच्यात दिवाळीपावतर जीव हाये."

आन एक. एवढं गेम दुरुस्त केलं, पन सोता कधी खेळलं न्हाई. पोरं म्हनायची, काका एक डाव टाका की. तर म्हनायचं, "हलवाई मिठाई खाते का रे?"

पन त्यांची खरी खोड येगळीच. कुटली बी वस्तू बिघडली म्हनून घेऊन जावा, काय झालंय ते आयकायचंच न्हाईत. पयला सवाल एकच. "बरी असताना कशी होती?"

लोकं चिडायची. एक बाई रेडिओ घेऊन आली, म्हनली, खरखर करतोय. भाऊ म्हनलं, "ते सोडा. बरा असताना कसा वाजे?" बाई म्हनली, "वाजायचा आपला रेडिओवानी!" भाऊ म्हनलं, "मग नाही होत. आठवा, अन् मग या." बाई शिव्या देत गेली. पन आली परत दोन दिसांनी, म्हनली, सकाळी बातम्या नीट लागायच्या आन गानी लागली की बारीक व्हायचा. भाऊ खूस. तितल्या तितं दुरुस्त करून दिला.

मला म्हनलं, "बाई, बिघडलेलं तर सारंच सारखं दिसते. कोनाचं काय गेलं ते बऱ्या दिवसावरूनच समजते."

गेम बिघडला असं बी म्हनायचं न्हाईत. म्हनायचं, "विसरली." पाटी विसरली. त्या आयसीत मेमरी असती म्हनं. एकात इमान ध्यानात ठेवलेलं, एकात आभाळ, एकात रंग, एकात आवाज. जी आयसी जाईल तेवढंच पाटी विसरती, बाकी समदं तिला याद असतं. "मानसावानी," मी म्हनले. "नाही बाई," भाऊ म्हनलं, "मानूस विसरला का खोटं सांगते. पाटी जे विसरली ते फाटकं दाखवते, पन खोटं नाही दाखवत."

एकदा असंच गोठ्यात बसून च्या निवायची वाट बघत व्हतं. मला म्हनलं, "तुमचे मालक बरे असताना कसे होते?" मालक जाऊन तवा बरीच वर्सं झाली व्हती. त्या दिसापतूर मला ज्यानं त्यानं कावीळ कशी झाली, किती दिस आजारी व्हतं, शेवटाला काय बोललं, ह्येच इचारलं. बरं असताना कसं व्हतं ते कुनी इचारलंच न्हाई. मी म्हनले, टेम्पो धुताना शीळ घालायचं. बेसूर. कुत्री पळून जायाची. भाऊ म्हनलं, "हां." आन च्या प्यायलं. त्या रातीला मला मालक दिसलं ते पिवळं न्हाई दिसलं. टेम्पो धुताना दिसलं.

तर आता त्या दिवसाचं.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजत्यात. नांगर, कोयता, इळा, टेम्पो व्हता तवा टेम्पो. आत्याबाई म्हनली, आपली लक्ष्मी म्हंजी डबा, त्याची पूजा पयली. भाऊ त्या वक्ताला जत्रंच्या गावाला फेरीवर गेलेलं. घरातला कर्ता पुरुष म्हून भाऊजींना बोलावलं. त्यांनी भक्तीनं पूजा केली, खोटं कशाला सांगू. डब्याला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, धुतलेल्या हातानं नारळ फोडला. समद्यांना खोबरं वाटलं. दुसऱ्या दिशी दसऱ्याला पोरांची लई गर्दी झाली. आन चार-दोन दिसांनी डबा इसरला.

चालू केला की आभाळाच्या जागी पट्ट्या. उभ्या, काळ्या-गुलाबी, फाटलेल्या गोधडीवानी. पोरं दोन दिस आली, मग यायची बंद झाली. म्हनायची, मावशी, ह्यात कळतच न्हाई काय. भाऊजी येऊन बघून गेलं. तिसऱ्यांदा आलं तवा एजंटाला घेऊन आलं.

"वहिनी," भाऊजी म्हनलं, खाली बघत, "दिवाळीचा पयला दिवा लागायच्या आत चालू झाला तर झाला. न्हाईतर आपलं बोलनं झालेलं हाय."

मी म्हनले, "व्हय. झालेलं हाय."

रडले न्हाई. रडून डबा चालत असता तर मालक गेलं तवाच दोन डबं चालवलं असतं. लोनावळ्याच्या येष्टीच्या कंडक्टरला निरोप दिला, पिरंगुटच्या पार्लरवाल्याला निरोप दिला, की भाऊ दिसलं तर सांगा, बाईचा डबा इसरला. आन रोज दुसऱ्याच्या भाताच्या कापनीला जायाला लागले. येताना रस्त्यानं टपरी दिसायची. कुलूप लावलेली टपरी लांबनं बी वळखू येती.

वसुबारस उद्यावर आली आन भाऊ आलं. पाय धुतलं न्हाईत, पानी प्यायलं न्हाईत. पिशवी खांद्याला तशीच, हापशाला हात लावला आन टपरीत शिरलं. भाऊजी एजंटाला घेऊन आलंच व्हतं. सोपानदादा किटली घेऊन आला, म्हनला, काय व्हायचं ते माज्या डोळ्यापुडं होऊ द्या. आत्याबाई दारात बसली.

भाऊंनी डबा चालू केला. पाटी चालू झाली की आधी सोताची तपासनी करती, इंग्रजीत लिवून दावती. भाऊंनी तिकडं बघितलं बी न्हाई. एजंट शिकलेला, त्यानं वाचलं आन म्हनला, "अहो काका, लिहून तर येतंय मेमरी खराब म्हणून. आणखी काय पाहिजे?"

भाऊ म्हनलं, "ज्याले आठवत नाही त्यालेच काय इचारता, काय विसरला म्हनून?"

आन काचंपुडं मांडी घालून नुसतं बघत बसलं. पट्ट्या बघत. एजंट घड्याळ बघतोय, भाऊजी येरझाऱ्या घालतायत. मग भाऊंनी मान वळवली आन माज्याकडं बघून इचारलं.

"बाई. बरी असताना कशी होती?"

मी सांगायला लागले. आभाळ कसं, तर लुगड्याला नीळ दिल्यावर बादलीत पानी उरतं तसं. गडद न्हाई. बेटं भाताच्या रोपाच्या रंगाची, लावनीच्या आधीची. इमान पांढरं, शेपटाला लाल ठिपका.

"आता इमानाले पाहा. फाटलं?"

मी वाकून बघितलं. पट्ट्यांच्या मधनं इमान चाललं व्हतं. पांढरंच व्हतं. लाल ठिपका जाग्यावर. "इमान धड हाय," मी म्हनले. "बेटं बी फाटल्यात, आभाळ बी फाटलंय. इमान आन गोळ्या धड हायेत."

"म्हंजे इमानाची याद शाबूत हाये. मागच्या पडद्याची गेली," भाऊ म्हनलं आन उठून डब्याच्या मागं गेलं. "निम्म्या पाटीले हात लावाचं कामच नाही."

फळी काडली आन टॉर्च मारला. भाऊजी म्हनलं, "काय झालं? संपलं का?"

"मुंग्या," भाऊ म्हनलं.

"आँ?"

"तांबड्या मुंग्या. एकाच आयसीवर चढून राहिल्या. काहून बा?"

आत्याबाई सोडून आमी समदी मागं गेलो. खरंच की. मुंग्यांची रांग डब्याच्या तळापास्नं वर चाललेली आन पाटीच्या एका कोपऱ्यात जमलेली. भाऊंनी त्या फुंकल्या, पाटीला नाक लावलं, आन मग जीभ लावली. एजंट म्हनला, "ईई, काय माणूस आहे!" भाऊंनी डोळं झाकलं. तोंडात चव घोळवली, आत्याबाई आमटीची चव घ्यायची तशी.

"नारळ," भाऊ म्हनलं.

दारातनं आत्याबाईनं सोताच्या पोराकडं बोट केलं. "ह्यानंच फोडला की! डब्याच्या टकुऱ्यावर! मी म्हनत व्हते, उंबऱ्यावर फोड, उंबऱ्यावर फोड. तर म्हनला, देव डब्यात हाय का उंबऱ्यात?"

भाऊजींचा चेहरा उतरला. "पूजा केली," ते म्हनलं. "पूजाच केली ना? कुनाचं वाटोळं करायला का फोडला?" मग माज्याकडं वळलं. "वहिनी, तुज्या गळ्याची आन, मला ठावं नव्हतं. एजंटासाठी केलं असं म्हनू नगंस."

"म्या कुटं म्हनलं," मी म्हनले. आन खरंच माज्या मनात बी तसं आलं न्हाई. तेवढा कपटी मानूस एवढा भक्तीनं हार घालत न्हाई.

सोपानदादा हसायला लागला. "नारळ देवाला पोचला का न्हाई देवाला ठावं, पानी मातूर बराबर पोचलं."

भाऊ हसलं न्हाईत. जुन्या दात घासायच्या बुरशानं पाटी घासत व्हतं. वरच्या फटीतनं पानी गळलेलं, वाळलेलं, खाली हिरवा गंज धरलेला. पिशवीतनं शिगारेटच्या चांदीची पुडी काडली आन त्यातली एक आयसी. मला दावली. "ही चांगली. आता हिले एकेकीच्या डोक्यावर बसवाचं. जिच्या डोक्यावर बसल्यावर आभाळ येते, ती चोर."

मी परत काचंपुडं आले. भाऊंनी तिचं बारीक पाय आत दाबलं आन पयल्या आयसीवर चांगली आयसी दाबून बसवली. खालचीचं पाय आन वरचीचं पाय एकाला एक टेकलेलं. "बाई, सांगा." पट्ट्याच. दुसरीवर. पट्ट्याच. मुंग्या व्हत्या त्या आयसीवर बसवली.

आभाळ आलं. एकदम. सोपानदादानं किटली खाली ठेवली.

"झालं!" भाऊजीच वरडलं, आन मग एजंटाकडं बघून गप झालं.

"न्हाई झालं," मी म्हनले. "डाव्या अंगाला एक बारीक पट्टी ऱ्हायलीया."

"मावशी, कुठंय पट्टी?" एजंट म्हनला. भाऊंनी त्याचं आयकलं न्हाई. माजं आयकलं. बोट जरा सरकवून दाबलं. पट्टी गेली. नीळ दिलेल्या बादलीतलं पानी, तसंच.

आता अडचन अशी, की बोट उचललं की आभाळ जायाचं. खालच्या आयसीचा एक पाय गंजून तुटलेला. वरची तितंच वितळलेल्या शिशाचा डाग देऊन चिकटवायला पायजे, आन भाऊंना डाग द्यायला दोन्ही हात मोकळं पायजेत. माजा हात तितवर पोचंना. भाऊंनी इकडं-तिकडं बघितलं आन भाऊजींना म्हनलं, "या. हितं बोट ठेवा."

भाऊजी जागचं हललं न्हाईत. एजंट म्हनला, "दादा, कशाला त्या भानगडीत पडता?"

त्या वक्ताला टपरीत जे झालं ते एवढंच, की एक मानूस उभा ऱ्हायला. पन मी सांगते, मालकांच्या दहाव्याला मला एवढं जड गेलं नव्हतं. त्यांनी नुसतं "मला न्हाई जमत" म्हनलं असतं तरी कुनी नाव ठेवलं नसतं. जागा त्यांची व्हती, शब्द त्यांचाच व्हता.

भाऊजींनी आत्याबाईकडं बघितलं. काचंत इमान चाललं व्हतं, तिकडं बघितलं. मग दाराबाहेर जाऊन हापशाला हात लावून आलं. कुनी सांगितलं नव्हतं. आलं आन वाकून बोट ठेवलं.

"दाबून धरा. गरम लागन, हलू नका," भाऊ म्हनलं. "बोट काडलं का आभाळ गेलं."

डाग द्यायची गन तापवली, तिचा करंट पाटीत जाऊ नये म्हून प्लग काडला, आन ती गरम हाय तवर एकेक पाय चिकटवायला घेतला. धूर निघाला. भाऊजींच्या कपाळाला घाम आला. बोट लाल झालं, नखाकडनं काळं व्हायला लागलं. "भाऊ, आवर की रं!" "झालंच न, थांबा न." "आय्यव!" "हलले का?" "न्हाई हललो! तू कर!" मी काचंकडं बघत व्हते. आभाळ एकदा बी फाटलं न्हाई.

"काडा बोट."

भाऊजींनी बोट काडलं आन तोंडात घातलं. आभाळ तितंच. इमान गोळ्या मारत चाललं.

बोट तोंडातच ठेवून भाऊजी एजंटाला म्हनलं, "चालू हाय. जावा तुमी."

"दादा, असं कसं, आपलं ठरलं होतं..."

"बंद पडला तर ठरलं व्हतं. म्या सोता धरलाय, चालू हाय. जावा."

त्यांचं ते नख काळं पडलं ते लई दिस तसंच व्हतं. गावात ज्याला-त्याला दावायचं, "आभाळ म्या धरलं व्हतं." वसुबारशीला मी टपरीत दिवा लावला. पोरं आली.

त्याच्यापुडं डबा लई वर्सं चालला. आयसीवर आयसी, दुमजली. भाऊ म्हनायचं, "पाय खालचीचे, याद वरचीची. हे तात्पुरतं हाये. पुढच्या टायमाले येईन तं खालची काडून नवी बसवून देतो." दर फेरीला असंच म्हनायचं, आन दर फेरीला उघडून बघायचं आन म्हनायचं, "चालून राहिली न. राहू द्या."

मग पार्लर बंद पडत गेलं. भूगावला फ्लॅट झालं, पोरांच्या घरातच कम्प्युटर आलं. भाऊंच्या पाट्या कमी-कमी झाल्या. बारीक पाय दिसंनात, चष्म्याला चष्मा लावून बघायचं. एक दिस सकाळी गोठा झाडून, टेबल पुसून, पिशवी खांद्याला लावून निघालं. बहिनीकडं चाललो म्हनलं, नागपूरकडं. शिगारेटच्या चांदीची एक पुडी मला दिली. "ह्यात तुमच्या आभाळाची एक हाये." येष्टीत चढताना हापशाकडं वळलं, पन गाडी सुटत व्हती, म्हून येष्टीच्याच दांड्याला हात लावला.

परत आलं न्हाईत. फोनचा नंबर बी नव्हता.

रस्ता रुंद झाला तवा टपरी गेली. भाऊजींची बी जागा गेली, सोपानदादाची बी गेली, कुनी कुनाला उठवायला लागलं न्हाई. पोरी आपापल्या घरी हायेत. डबा आता गोठ्यात हाय, भाऊंच्या टेबलाच्या जागी. खंडेनवमीला भाऊजी काठी टेकत येत्यात. हार घालत्यात. नारळ उंबऱ्यावर फोडत्यात. मग मी वायर लावते आन आमी दोघं म्हातारी बसून बघतो. खेळता आमाला दोघांना बी येत न्हाई.

हे वाचनाऱ्याला एकच सांगनं हाय. नागपूरकडं तुमाला कुटं असा मानूस भेटला, म्हातारा, थंड च्या पिनारा, बिघडलेली वस्तू नेली की बरी असताना कशी होती म्हून इचारनारा, तर त्यांना एवढं सांगा. कासार आंबोलीच्या बाईचा निरोप हाय. आभाळ फाटलं न्हाई. नवी आयसी बसवायला आला न्हाईत तरी चालंल. च्या करून ठेवते, निवंल तवर या.